पान दाखवा, मग बोला: कॉमिक्सवरच्या वादाची बैठक कशी भरवावी

जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही चार कॉमिक्सवाले एकत्र बसले की पंधरा मिनिटांत आवाज चढतो आणि तासाभरानंतरही प्रत्येक जण आपापल्या जागीच असतो. कारण बहुधा साधं असतं. एक जण १९९१ च्या कॉमिक्समधल्या थानोस या मार्व्हल कंपनीच्या खलनायकाबद्दल बोलत असतो, दुसरा २०१८ च्या सिनेमातल्या. दोघांनाही वाटतं की समोरचा मुद्दाम हट्टाला पेटलाय. असा वाद नीट घडवता येतो, त्यासाठी थोडी तयारी लागते. ती कशी करायची, ते इथे दिलंय.

विषय आधी कागदावर उतरवा

बैठकीच्या निदान आठ दिवस आधी विषय एका वाक्यात लिहून सगळ्यांना पाठवा. त्या वाक्यात तीन गोष्टी हव्यातच: कोणतं पात्र, कोणत्या कथेतलं, आणि पानं उलटून तपासता येईल असं एखादं विधान.

‘डोगा बरोबर की ध्रुव?’ हा विषय ऐकायला झकास, पण चालवायला वाईट. दोघंही राज कॉमिक्स या हिंदी प्रकाशनाचे नायक: एका बाजूला गुन्हेगाराला संपवणारा डोगा, दुसऱ्या बाजूला जीव न घेण्याचं व्रत पाळणारा सुपर कमांडो ध्रुव. आपल्याला कोण आवडतो, एवढंच मग प्रत्येक जण सांगत बसतो. तोच विषय असा लिहून बघा: ‘डोगा गुन्हेगारांना मारतो म्हणून त्याच्या मुंबईतली गुन्हेगारी कमी होताना दिसते.’ आता ‘हो’ म्हणणाऱ्याला कथांमधून दाखवावं लागेल की एक टोळी संपल्यावर तिथे दुसरी उभी राहिली नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही पुढचे अंक उघडावे लागतील. आवडीनिवडी बाजूला पडतात आणि माणसं वाचायला लागतात.

‘कोण जिंकेल?’ हा पोरांचा सगळ्यात लाडका प्रश्न. त्याला हाकलून लावू नका, फक्त दुरुस्त करून घ्या. तीन अटी घाला. पहिली अट वर्षाची. १९३८ च्या जूनमधल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातला सुपरमॅन उडत नाही, उडी मारतो, आणि तीही एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण दोनशे मीटर. फुटणाऱ्या तोफगोळ्यानं त्याच्या कातडीला इजा होऊ शकते, असं त्याच अंकात लिहिलंय. नंतरच्या काळात तोच सुपरमॅन ग्रह हलवतो. वर्ष न सांगता ‘सुपरमॅन’ म्हणणं म्हणजे आकडाच न सांगणं. दुसरी अट नेहमीच्या ताकदीची. एखाद्या लेखकानं एकदाच दाखवलेला अचाट पराक्रम मोजायचा नाही. निदान तीन वेगवेगळ्या अंकांत दिसलेली ताकद मोजायची. तिसरी अट, दोघांचा हेतू काय ते आधी सांगायचं. ध्रुवाला कोणाला मारायचंच नसतं. त्याला मरेपर्यंतच्या लढाईत उभं केलं तर तो ध्रुव उरतच नाही.

कोणती आवृत्ती, कोणती दुनिया

सगळ्यात जास्त वेळ इथेच फुकट जातो, म्हणून सगळ्यात जास्त तयारीही इथेच हवी. विषयाखाली अंकांची यादी द्या. पाच ते आठ अंक पुरेत. त्याहून मोठी यादी कोणी वाचत नाही.

थानोसचंच घ्या. तो पहिल्यांदा आला १९७३ मध्ये, ‘आयर्न मॅन’च्या ५५ व्या अंकात. १९९१ च्या ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’ या सहा अंकांच्या कथेत तो एका चुटकीसरशी विश्वातले अर्धे जीव संपवतो, ते मृत्यूला खूश करायला. तिथे मृत्यू ही एक स्त्री आहे आणि थानोस तिच्यासाठी वेडा झालाय. साधनसामग्री अपुरी आहे, तोंडं फार झालीत, हा हिशेब सिनेमातल्या थानोसचा. म्हणून ‘थानोसचं बरोबर होतं का?’ हा वाद ते सहा अंक समोर ठेवून घालता येत नाही. तिथे त्याचा हेतूच वेगळा आहे. विषयात ‘सिनेमातला’ एवढा एक शब्द घातला की अर्धं भांडण मिटतं.

आपल्याकडेही तेच. राज कॉमिक्सचा नागराज १९८६ मध्ये आला. सुरुवातीला तो प्रोफेसर नागमणीच्या हातातलं हत्यार असतो. डोक्यातल्या कॅप्सूलमुळे तो नागमणीच्या ताब्यात असतो आणि बाबा गोरखनाथ त्याला त्यातून सोडवतात. पुढे ‘खजाना’च्या कथांमध्ये कळतं की तो राजा तक्षकराज आणि राणी ललिता यांचा मुलगा, आणि त्याच्या जिवावर उठलेला नागपाशा त्याचा सख्खा काका. आता सांगा, नागराजचा मुख्य खलनायक कोण? ज्यानं पहिले अंक वाचलेत तो नागमणी म्हणेल, ज्यानं पुढचे वाचलेत तो नागपाशा. दोघंही खरं बोलतात. आधी सांगितलेली गोष्ट नंतरच्या लेखकानं मागे जाऊन बदलणं, याला वाचक रिटकॉन म्हणतात. रिटकॉन झालेल्या पात्रावर विषय ठेवायचा असेल तर बदलाच्या आधीचं धरायचं की नंतरचं, हे विषयातच लिहा. ‘नागायण’सारखी मालिका तर मुख्य प्रवाहाच्या बाहेरची. रामायणाच्या धर्तीवर कांडं पाडून सांगितलेली ती भविष्यातली कथा आहे. तिचा पुरावा मुख्य कथांसाठी चालत नाही, तिच्यावर वेगळी बैठक ठेवावी.

सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या डीसी या अमेरिकन कंपनीच्या बाबतीत एक वर्ष पाठच करून ठेवा: १९८५. त्या वर्षी सुरू झालेल्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’च्या बारा अंकांत डीसीनं आपल्या अनेक समांतर पृथ्वी एकत्र करून टाकल्या आणि नंतर कित्येक पात्रांच्या गोष्टी नव्यानं सांगितल्या. त्याच्या आधीचा लेक्स लूथर (सुपरमॅनचा शत्रू) आणि नंतरचा लेक्स लूथर हे वादापुरते दोन वेगळे माणूस समजा.

बैठकीला जुने वाचक येणार असतील तर नावांचाही घोळ होतो. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ ते १९९० या काळात निघालं. मराठीत वाचणाऱ्यांसाठी फँटम म्हणजे वेताळ, आणि त्याचा मूळचा बंगाला देश इंद्रजालमध्ये डेंकाली झाला होता. एखादे काका डेंकाली म्हणतात आणि इंग्रजी वाचलेलं पोरगं त्यांना चुकीचं ठरवायला उठतं, असं होऊ देऊ नका. नावांची जोडयादी आधीच फळ्यावर लिहा.

पान कोठे शे?

बैठकीचा एकच कडक नियम ठेवा. कोणीही कथेबद्दल विधान केलं की समोरच्याला विचारण्याचा हक्क आहे: ‘पान कोठे शे, भो?’ (अहिराणीत, पान कुठे आहे, भाऊ?) पान दाखवता आलं तर मुद्दा उभा राहतो. नाही दाखवता आलं तर मुद्दा बाजूला ठेवायचा, पण खोटा ठरवायचा नाही. पुढच्या बैठकीला पान आणलं तर तो परत घ्यायचा.

खान्देशाला हा नियम परका वाटू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुने कागद गोळा करत राहिले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ असे त्याचे खंडच्या खंड छापत गेले. १९२६ मध्ये ते धुळ्यातच गेले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. कागद दाखवल्याशिवाय विधान करायचं नाही, ही त्यांची शिस्त कॉमिक्सच्या वादालाही तितकीच लागू पडते.

सगळे पुरावे सारख्या वजनाचे नसतात. सर्वांत वर छापलेलं चित्र आणि फुग्यातलं बोलणं. त्याखाली निवेदनाची पट्टी. त्याखाली त्याच मालिकेच्या पत्रांच्या पानावर संपादकानं दिलेलं उत्तर. त्याखाली लेखकानं पुढे कधीतरी मुलाखतीत सांगितलेलं. सगळ्यात खाली कोणीतरी व्हिडिओत सांगितलेला सारांश. सारांशाला पुरावा म्हणून बसूच देऊ नका. अर्ध्याहून जास्त खोट्या गोष्टी तिथूनच आलेल्या असतात.

हा क्रम कसा वापरायचा, ते स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिच्या मृत्यूवरून शिकावं. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’, अंक १२१, जून १९७३. ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून खाली फेकतो, स्पायडरमॅन जाळं सोडून तिला धरतो, आणि वर ओढून घेतो तेव्हा ती मेलेली असते. वादाचा प्रश्न: तिला कोणी मारलं? ज्या चौकटीत जाळं तिच्या पायाला अडकतं, तिथे मानेजवळ बारीक अक्षरांत हाड मोडल्याचा आवाज लिहिलाय. हा पहिल्या दर्जाचा पुरावा. पण त्याच अंकात गॉब्लिन म्हणतो की ती जमिनीवर पडायच्या आधीच, पडण्याच्या धक्क्यानं मेली. हेही फुग्यातलंच बोलणं, फक्त बोलणारा खलनायक. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, हा वेगळा मुद्दा झाला. नंतर १२५ व्या अंकाच्या पत्रांच्या पानावर संपादकांनी मान्य केलं की जाळ्यानं तिला एकदम थांबवल्यामुळे बसलेल्या हिसक्यानं ती मेली. हा तिसऱ्या दर्जाचा पुरावा, पण पहिल्याशी जुळणारा. म्हणून वजन वाढतं.

इथे थोडं गणित केलं तर बैठकीत जान येते. समजा ती ९० मीटर पडली. तेव्हा वेग होतो सेकंदाला सुमारे ४२ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. जाळ्यानं तिला अर्ध्या सेकंदात थांबवलं तर शरीरावर येणारा ताण गुरुत्वाकर्षणाच्या साडेआठ पट. विहिरीत भरभर सुटलेल्या बादलीचा दोर एकदम धरला की हाताला जो हिसका बसतो, तोच इथे पायाला बसला आणि मान मोकळी होती. जाळं लांबत लांबत दोन-तीन सेकंदांत थांबलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. हा हिशेब मांडताना एवढंच स्पष्ट सांगा की उंची आपण धरलेली आहे, अंकात दिलेली नाही. आणि हाच अंक पुराव्याला मर्यादाही शिकवतो: मजकुरात पूल जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज म्हटलाय, चित्रात ब्रुकलिन ब्रिजसारखा दिसतो. चित्र आणि अक्षर भांडत असतील तर दोन्ही फळ्यावर लिहा आणि कोणत्याही बाजूला त्यावर पूर्ण इमला बांधू देऊ नका.

अजून एक भेद सुरुवातीलाच पक्का करून घ्या. कथेतलं कारण वेगळं, कथेबाहेरचं कारण वेगळं. ‘बॅटमॅन जोकरला का मारत नाही?’ याचं कथेतलं उत्तर म्हणजे त्याचं तत्त्व. पण १९४० च्या ‘बॅटमॅन’च्या पहिल्याच अंकात बॅटमॅन मशीनगन चालवून माणसं मारतो, आणि त्याच अंकाच्या शेवटच्या कथेत जोकर मरणार होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी एक चौकट वाढवून त्याला जिवंत ठेवलं. हत्या न करण्याचा नियमही संपादकांकडूनच आला. हे कथेबाहेरचं उत्तर. दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण एकाच्या प्रश्नाला दुसऱ्यानं उत्तर दिलं की वाद सरकतो. ‘बॅटमॅननं जोकरला मारायला हवं होतं’ असं कोणी म्हणालं आणि समोरून ‘मारला तर अंक कसे खपणार?’ असं आलं, तर सूत्रधारानं तिथेच थांबवावं. प्रश्न बॅटमॅनला विचारलाय, कंपनीला नाही.

१९५४ नंतरच्या जुन्या अमेरिकन अंकांसाठी मात्र कथेबाहेरचं कारण सांगावंच लागतं. त्या वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या ‘कॉमिक्स कोड’ या नियमावलीनुसार प्रत्येक वेळी चांगल्याचाच विजय दाखवणं आणि गुन्हेगाराला शिक्षा होणं बंधनकारक होतं. त्या काळातला खलनायक लेचापेचा वाटतो म्हणून लेखकाला दोष देण्याआधी हे लक्षात घ्या. १९७१ मध्ये ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चे ९६ ते ९८ हे तीन अंक अमली पदार्थांच्या विषयामुळे कोडच्या शिक्क्याविनाच निघाले आणि त्याच वर्षी कोड सैलही झाला.

खलनायक कसा तोलायचा

ताकदीवरून खलनायक मोजणारी बैठक दहा मिनिटांत संपते. त्याऐवजी चार प्रश्न ठेवा. त्याला काय हवंय? ते त्याला नायकाशिवाय मिळालं असतं का? त्याच्यामुळे नायकाला नेमकं काय गमवावं लागलं? आणि त्याची चूक कोणती? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. ज्या खलनायकाची चूक एका वाक्यात सांगता येते, तोच बहुतेक वेळा चांगला लिहिलेला असतो.

डॉक्टर डूम १९६२ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’च्या पाचव्या अंकात आला. त्याची पूर्वकथा १९६४ च्या दुसऱ्या वार्षिक अंकात आहे: फँटॅस्टिक फोरचा म्होरक्या रीड रिचर्ड्स त्याला सांगतो की तुझ्या यंत्राच्या हिशेबात चूक आहे, तो ऐकत नाही, यंत्र फुटतं, चेहऱ्यावर डाग पडतो, आणि तो आयुष्यभर रीडला दोष देतो. चूक एका वाक्यात: दुसऱ्यानं काढलेली चूक मान्य न करणं. पुढच्या त्याच्या कितीतरी कथा याच एका गाठीतून निघतात.

मॅग्नेटोचं बघा. १९६३ मध्ये ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकात तो क्षेपणास्त्रांचा तळ ताब्यात घेतो. तेव्हा तो गर्जना करणारा साधा दुष्ट. १९८१ मध्ये १५० व्या अंकात लेखक क्रिस क्लेअरमाँट यांनी त्याला आउश्वित्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेला माणूस केलं. त्याच अंकात रागाच्या भरात तो एक्स-मेनमधल्या किटी प्राइड या कोवळ्या पोरीवर हल्ला करतो, ती मेली असं त्याला वाटतं आणि तो आतून कोसळतो. ज्या छळातून तो स्वतः गेला, तोच छळ आपण एका लेकराचा केला, हे त्याला तिथे उमगतं. ‘मॅग्नेटो खलनायक आहे का?’ असा विषय ठेवायचा तर १५० वा अंक यादीत नसला तर बैठक भरवूच नये. आणि ज्याला त्याची बाजू घ्यायचीय त्यानं त्याच अंकात बुडवलेल्या रशियन पाणबुडीचंही उत्तर द्यावं. तिच्यातली माणसं मेलीच.

ध्रुवाचा ग्रँडमास्टर रोबो या चारही प्रश्नांना चांगलं उत्तर देतो, आणि मराठीत त्याच्यावर फार कमी बोललं जातं याचं वाईट वाटतं. अर्धा माणूस, अर्धं यंत्र, गुन्ह्याचं साम्राज्य चालवणारा. पण त्याची मुलगी नताशा ध्रुवावर प्रेम करते. ध्रुवाला त्याच्याशी लढताना नुसती ताकद पुरत नाही, घरच्या माणसाचा बाप समोर असतो. ताकद नसलेला नायक आणि यंत्र झालेला बाप, हा ताण ध्रुवाचे लेखक-चित्रकार अनुपम सिन्हा यांनी फार नेटका पकडलाय. चाचा चौधरीचा राका दुसऱ्या टोकाचा. औषध पिऊन अमर झालेला डाकू, मरतच नाही. त्याच्याकडे हेतूची खोली नाही, पण ‘मारता न येणाऱ्याला आवरायचं कसं?’ हे कोडं आहे, आणि ते बुद्धीनं सोडवणं हाच चाचाचा खेळ. म्हणून राकाला ‘उथळ’ म्हणून निकालात काढणाऱ्याला विचारा की कथेला त्याच्याकडून काय हवं होतं.

उलट उदाहरण डूम्सडेचं. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये विक्रीला आलेल्या ‘सुपरमॅन’च्या ७५ व्या अंकात त्यानं सुपरमॅनला मारलं. त्या वेळी त्याला हेतू नाही, भूतकाळ नाही, बोलणंही नाही. खलनायक म्हणून तो पोकळ आहे, पण कथा म्हणून तो मृत्यू मोठा ठरला, कारण सगळं वजन मागे राहिलेल्या माणसांवर आहे. कथानक चांगलं आणि खलनायक चांगला, हे दोन वेगळे निकाल आहेत. मतपत्रिकेवर दोन वेगळे रकाने ठेवा.

खलनायकाच्या युक्तिवादाला उत्तर द्यायचं असेल तर आपल्या भूमीतून द्या, ते जास्त पक्कं बसतं. सिनेमातला थानोस म्हणतो, अर्धी माणसं गेली की उरलेल्यांना पोटभर मिळेल. २०१८ मध्ये जगाची लोकसंख्या साडेसातशे कोटींच्या वर होती. तिची निम्मी म्हणजे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. म्हणजे थानोसचं स्वप्नातलं जग साधारण १९७२ सालचं झालं. आता घरातल्या आजी-आजोबांना विचारा, १९७२ मध्ये महाराष्ट्रात काय होतं. दुष्काळ. खडी फोडायच्या कामावर गेलेली माणसं, वाटपातली सुकडी, परदेशी मिलो ज्वारी. तोंडं निम्मी होती, तरी पोट रिकामं होतं. सरकारनं माणसं कमी केली नाहीत, रोजगार हमीची कामं काढली. हा मुद्दा मांडताना तो कथेचा पुरावा म्हणून देऊ नका, युक्तिवादाचं उत्तर म्हणून द्या.

बैठकीची मांडणी

आठ ते बारा माणसं बरी. पाचाहून कमी असतील तर बाजू पडत नाहीत, पंधराहून जास्त झाली तर मागचे मोबाईल काढतात. एक सूत्रधार, एक वेळ मोजणारा, एक फळ्यावर लिहिणारा, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन बोलणारे. बाकीचे ऐकणारे, पण त्यांना शेवटी मत आहे.

पूर्ण बैठक दीड तासाची ठेवा. पहिली दहा मिनिटं सूत्रधार विषय आणि अंकांची यादी वाचतो. मग पाच मिनिटांत चिठ्ठ्यांवर पहिलं मत. प्रत्येक बाजूला सहा मिनिटांची मांडणी. त्यानंतर अर्धा तास सवाल-जवाब, पंचवीस मिनिटं मोकळी चर्चा, शेवटी प्रत्येक बाजूला तीन मिनिटं आणि पुन्हा चिठ्ठ्या.

सवाल-जवाबाला कलगी-तुऱ्याची पद्धत लावा. एका फडानं सवाल टाकला की दुसऱ्यानं आधी जवाब द्यायचा, मग आपला सवाल टाकायचा. जवाब न देता उलटा सवाल केला तर सूत्रधार तो मोजत नाही. या एका नियमानं ‘मग तुमचा बॅटमॅन काय कमी?’ असली पळवाट बंद होते.

मतदान दोनदा का? कारण शेवटी किती जण बाजूचे आहेत याला अर्थ नाही, किती जण हलले याला आहे. सुरुवातीला नऊ विरुद्ध तीन असेल आणि शेवटी सात विरुद्ध पाच, तर बैठक तीनवाल्यांनी जिंकली. हात वर करून मत घेऊ नका, पोरं मोठ्या भावाकडे बघून हात वर करतात. चिठ्ठी बंद, माणशी एक. १९८८ मध्ये डीसीनं बॅटमॅनचा साथीदार, दुसरा रॉबिन जेसन टॉड जगावा की मरावा हे वाचकांना फोनवर विचारलं होतं. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर फोननी एक पात्र गेलं. आणि पैसे मोजून एकाच माणसाला हवे तितके फोन करता येत होते. माणशी एक चिठ्ठी का हवी, ते यावरून दिसतं.

भाषा मोकळी ठेवा. युक्तिवाद अहिराणीत आला तर रंगतच येते. पण फुग्यातलं वाक्य पुरावा म्हणून वाचताना ते ज्या भाषेत छापलंय त्याच भाषेत वाचा. हिंदी अंकातलं वाक्य मराठीत सांगताना आपण नकळत आपल्या बाजूनं वळवतो.

काय बिघडतं

सर्वांत आधी बिघडतं ते वेळेमुळे. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, दुपारची बैठक ठेवली तर निम्मे येत नाहीत आणि आलेले चिडलेले असतात. उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहानंतर, गच्चीवर. हिवाळ्यात शेतावरच्या भरीत पार्टीला जोडून बैठक मस्त जमते, मात्र अंक आधी, भरीत नंतर. तेलकट बोट नव्वदच्या दशकातल्या राज कॉमिक्सच्या पानाला लागलं की तो डाग निघत नाही, कागद तेल पिऊन टाकतो.

जुने अंक मुळात हाताळायला द्यायचे नाहीत. स्वस्त कागद आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तांबूस आणि ठिसूळ होतो, पिना गंजतात आणि मधलं पान पिनेपाशी फाटतं. झेरॉक्स काढायला अंक काचेवर दाबला की कणा मोडतो. त्याऐवजी लागणाऱ्या चौकटींचे मोबाईलवर उजेडात, वरून सरळ फोटो घ्या, आणि फोटोत पान क्रमांक व मुखपृष्ठ दोन्ही येऊ द्या. नाहीतर ‘हे कोणत्या अंकातलं?’ यावर पुन्हा दहा मिनिटं जातात. अंक घरी ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत उभे, पाठीमागे पुठ्ठा लावून ठेवा. पावसाळ्यात भिंतीला टेकवू नका, ओल धरून कसर लागते.

दुसरा बिघाड म्हणजे एकट्यानंच बोलणं. ज्यानं सगळ्यात जास्त वाचलंय तो बोलायला लागला की नवखे गप्प होतात. अशा माणसाला सूत्रधार करा किंवा फळ्यावर बसवा. त्याचं ज्ञान पान शोधून द्यायला लावा. सिनेमे पाहून आलेल्या पोरांना ‘कॉमिक्स वाचलंय का?’ म्हणून हिणवू नका. त्यांच्यासाठी प्रत्येक तिसरी बैठक सिनेमातल्या पात्रांवर ठेवा आणि यादीत एक अंक जोडून द्या. मुली आल्या असतील तर त्यांना पहिल्या मांडणीत घ्या. मोकळ्या चर्चेची वाट बघायला लावली तर दोन दादालोकांच्या आवाजात त्यांची पाळीच येत नाही.

शेवट फोडण्याबद्दल: यादीतले अंक फुटलेलेच धरायचे, यादीबाहेरचा शेवट सांगायचा असेल तर आधी विचारायचं. बॅटमॅन-जोकरच्या ‘द किलिंग जोक’सारख्या कथेत तर शेवट काय झाला यावरच वाचकांत एकमत नाही. तिथे जोकर स्वतःच आपल्या भूतकाळाबद्दल खात्री देत नाही. अशा कथेवर बैठक ठेवली तर निकाल मागू नका, दोन्ही वाचनं फळ्यावर शेजारी शेजारी लिहून घ्या.

मार्व्हल विरुद्ध डीसी असा विषय कोणी सुचवला तर नम्रपणे नको म्हणा. दोन कंपन्यांत काही सिद्ध होत नाही, फक्त मित्र तुटतात.

बैठक संपली की वहीत पाच ओळी लिहा: विषय, अंकांची यादी, आधीची आणि नंतरची मतं, न सापडलेली पानं, आणि कोणी कोणतं पान आणायचं कबूल केलंय ते. पुढच्या बैठकीची सुरुवात याच शेवटच्या ओळीपासून करा, कारण पान आणणारा ते दाखवायला आठवडाभर थांबलेला असतो.